सिकलसेल आहे, हे सांगायचे कोणाला?



विहारात रक्ततपासणीचे शिबिर असले की आपल्या वस्तीतली माणसे रांग लावतात, हात पुढे करायला कोणी कचरत नाही. खरी अडचण कागद हातात आल्यावर सुरू होते. कागदावर ‘सिकल पॉझिटिव्ह’ लिहिलेले असते. आई तो घडी करून लुगड्यांच्या खाली, पेटीच्या तळाशी ठेवते आणि घरात ठरते की ही गोष्ट बाहेर जायची नाही. मग चार महिन्यांनी लेकरू तापाने फणफणते, गल्लीतल्या डॉक्टरकडे नेले जाते, इंजेक्शन होते, सलाईन लागते. पण त्या डॉक्टरला सिकलसेलचे कोणी सांगत नाही. कागद पेटीत असतो आणि लेकरू टेबलावर.

या पानावर आम्ही आजाराची माहिती देतोच. पण सिकलसेलच्या बाबतीत आमचा अनुभव असा, की माहितीपेक्षा न सांगण्यानेच जास्त नुकसान होते. म्हणून या वेळी आजार काय आहे ते सांगू आणि त्याबरोबर तो कोणाला, कधी, किती सांगायचा हेही सांगू.

आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि मऊ असतात. बारीकशा नसेतूनही त्या वाकून निघून जातात. सिकलसेलमध्ये पेशीच्या आतले हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचे असते. शरीरात पाणी कमी पडले, थंडी लागली, ताप आला, फार दमणूक झाली की ती पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. अशा पेशी बारीक नसेत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथे ठणका सुरू होतो. निरोगी लाल पेशी १२० दिवसांच्या आसपास जगते, ही वाकडी पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त सतत कमी, डोळे पिवळे आणि पुढे पित्ताशयात खडे. पिवळ्या डोळ्यांना कावीळ समजून गळ्यात माळा घालणारे आणि झाडपाला देणारे आजही भेटतात. त्याने पेशी फुटायची थांबत नाही.

बाळ पहिले पाच-सहा महिने बरे असते, कारण तोवर त्याच्या अंगात गर्भातले हिमोग्लोबिन असते. ते कमी झाले की हाताची, पायाची बोटे सुजतात, बाळ किरकिर करते. अनेक घरांत आजाराची पहिली खूण हीच असते आणि तिला दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या जातात.

हा ठणका बाहेरून दिसत नाही, हेच त्याचे वाईट आहे. हाड मोडले तर प्लास्टर दिसते, ताप आला तर अंग गरम लागते. सिकलसेलचा पोरगा मात्र सकाळी खेळत होता आणि संध्याकाळी कंबर धरून रडतो आहे. घरचेच म्हणतात, ‘शाळा नको म्हणून नाटक करतो.’ सून असेल तर ‘कामाच्या वेळीच दुखते बरे!’ असे वर्षानुवर्षे ऐकलेले माणूस शेवटी सांगणेच सोडून देते, आणि एक दिवस छातीत दुखत असतानाही गप्प राहते. दुखणे सांगणाऱ्यावर आधी विश्वास ठेवावा, खरेखोटे डॉक्टरला ठरवू द्यावे, एवढे तरी घराने करावे.

कागदावरची अक्षरे नीट समजून घेऊ. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन वाटे प्रत्येकाला मिळतात. दोन्ही चांगले असतील तर ‘एए’. एक चांगला, एक सिकलचा असेल तर ‘एएस’, म्हणजे वाहक. दोन्ही सिकलचे असतील तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. एएस माणूस सहसा धडधाकट असतो, मजुरी करतो, खेळतो, पोलीस भरतीत पळतो. त्याला आजारी म्हणू नये. एसएस माणसाला औषध आणि काळजी जन्मभर लागते. शिबिरात बहुतेक वेळा सोल्युबिलिटी नावाची साधी चाचणी होते. रक्तात सिकल आहे की नाही एवढेच ती सांगते. एएस की एसएस ते सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावी लागते. तेव्हा पहिल्या ‘पॉझिटिव्ह’ कागदावर घाबरून बसू नये आणि तेवढ्यावर थांबूही नये. भारत सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेलचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. तपासणी त्यातून मोफत होते. आशाताईला विचारावे.

‘हा आपल्यातच का?’ हा प्रश्न दबक्या आवाजात येतो आणि त्यामागे जुनी जखम असते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विटाळ म्हटले गेले, त्यांना रक्ताचाच आजार निघाला म्हणजे पुन्हा बोट दाखवायला जागा मिळाली, असे वाटते. तर त्याचे उत्तर मोठ्याने देऊ. ज्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा बदल टिकला. कारण एएस लेकरू मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारातून जास्त वाचते. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये, ओडिशात, छत्तीसगडमध्ये, आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात, भंडारा-गोंदिया-नागपूरच्या बौद्ध वस्त्यांत आणि इतर जातींतही तो आहे. वैद्यकीय जगात त्याची पहिली नोंद १९१० साली शिकागोत झाली. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला आणि त्याच दशकात नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातली नोंद केली. यात कोणाचे पाप नाही, कोणाचा शाप नाही, आणि शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा सोबत झोपल्याने तो लागतही नाही.

आता मुद्द्याचे. सर्वांत आधी सांगायचे ते डॉक्टरला, आणि त्याने विचारायची वाट न पाहता. पेशंट टेबलावर बसताच पहिले वाक्य ‘डॉक्टर, हा एसएस आहे’ असे हवे. ताप, खोकला, पोटदुखी हे त्यानंतर. कारण ते एक वाक्य पुढचा सगळा उपचार बदलते. साध्या लेकराचा ताप दोन दिवस पाहता येतो. एसएस लेकराचा ताप १०१ च्या वर गेला की त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे लागते. या लेकरांची पानथरी, म्हणजे प्लीहा, लहानपणीच निकामी होत जाते आणि जंतूंशी लढायची ताकद कमी पडते. म्हणूनच त्यांना न्यूमोनियाची लस आणि लहान वयात पेनिसिलिन देतात.

दुसरे सांगायचे ते आपले नेहमीचे हिमोग्लोबिन. बरेच एसएस रुग्ण सात-आठ-नऊवरच चालते-फिरते असतात. नव्या डॉक्टरला हे माहीत नसेल तर तो आकडा पाहून लगेच रक्त चढवायला घेईल. आणि नेहमी आठ असणाऱ्याचे आज पाच आले असेल तर ते किती गंभीर आहे हेही त्याला कळणार नाही. याआधी किती वेळा रक्त चढवले, शेवटचे कधी, अंगावर काही उमटले होते का, हे वहीत लिहून ठेवावे. एक शंभर पानी वही पुरते. कागद हरवतात, भिजतात. वही दप्तरासारखी सोबत नेता येते.

लोहाच्या गोळ्यांचेही सांगू. ‘रक्त कमी आहे’ म्हटले की आपल्याकडे लाल गोळी हातात पडते. सिकलसेलमध्ये रक्त कमी असते ते पेशी फुटल्यामुळे, आणि वरचेवर रक्त चढवलेल्या माणसाच्या अंगात लोह आधीच साठलेले असू शकते. तपासून लोह कमी निघाले तर गोळ्या जरूर घ्याव्यात, पण आधी सांगून. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र नवी पेशी तयार व्हायला लागते, ती डॉक्टर रोज देतात. झटक्यात दुखणे उतरवणारे गल्लीतले इंजेक्शन बरेचदा स्टिरॉइडचे असते. त्याचा जोर उतरला की सिकलसेलचा ठणका उलटून येऊ शकतो. आणि दुखऱ्या जागेवर बर्फ लावू नये. गरम शेक द्यावा, पाणी भरपूर पाजावे, डॉक्टरने लिहून दिलेली दुखण्याची गोळी द्यावी. एवढ्याने उतरले नाही तर दवाखाना.

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने अनेकांचे वारंवार येणारे ठणके कमी झाले आहेत. ते अंगातले गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते. पण घेताना रक्ताच्या ठरावीक तपासण्या लागतात आणि मूल हवे असेल तेव्हा नवरा-बायको दोघांनीही आधी डॉक्टरशी बोलावे लागते. इथेही तेच, सांगितल्याशिवाय भागत नाही. बाईला दिवस गेले तर पहिल्या नोंदणीलाच एएस किंवा एसएस असल्याचे सांगावे; नवव्या महिन्यात सांगून उपयोग थोडा. दात काढायचा असो की हर्नियाचे ऑपरेशन, भूल देण्याआधी सांगावे.

आजारी माणसाने आपले दुखणे कसे सांगावे, हा विषय आपल्या धम्मातही आला आहे. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि भिक्खूसंघाला आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा समजा असे बजावले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हा प्रसंग घेतला आहे. प्रवचनांत गोष्ट इथे संपते. विनयपिटकात पुढे आणखी आहे. कोणत्या आजाऱ्याची सेवा करणे सोपे जाते, याची पाच लक्षणे तिथे दिली आहेत. तो आपल्याला मानवेल तेच करतो, त्यातही प्रमाण जाणतो, औषध घेतो, वेदना सोसतो. आणि सेवा करणाऱ्याला आपला आजार जसा आहे तसा सांगतो. वाढत असेल तर वाढतो आहे, उतरत असेल तर उतरतो आहे, तसाच असेल तर तसाच आहे असे. अडीच हजार वर्षांपूर्वी विहारात राहणाऱ्यांसाठी केलेला हा नियम वाचताना दवाखान्यातल्या परिचारिकेने सांगितल्यासारखा वाटतो. सेवा करणाऱ्यांवर जबाबदारी आहे, तशी आजाऱ्यावरही आहे.

काही दुखणी सांगायला जीभ उचलत नाही. ती आम्ही इथे नाव घेऊन लिहितो, म्हणजे घरात वाचल्यावर कोणाला तरी तोंड उघडायला सोपे जाईल. एसएस मुलगे आणि पुरुष यांच्यात कधी कधी लिंग ताठ होते, दुखते आणि तासन्‌तास उतरत नाही. कारण तेच, रक्त अडकलेले असते. पोरगा लाजेने पांघरुणात पडून राहतो. चार तासांच्या वर गेले तर कायमचे नुकसान होऊ शकते, म्हणून रात्र असली तरी निघावे. आईला सांगवत नसेल तर काकाला, मोठ्या भावाला सांगावे. मुलगी उशिरा न्हाण आली, मुलाला मिसरूड उशिरा फुटली, तर तेही या आजारात होते. त्यात खोट नाही. अंथरूण ओले होणे हीदेखील अशीच गोष्ट. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून लघवी जास्त होते आणि दहा वर्षांचे पोरही अंथरुणात करते. त्याला मारू नये आणि रात्रीचे पाणी तर अजिबात तोडू नये. पाणी तोडले की ठणका आलाच म्हणून समजा.

याच कारणाने शाळेत बाईंना सांगणे भाग आहे. पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी, लघवीला विचारल्याबरोबर सोडावे, पावसात आणि कडक थंडीत कवायतीला उभे करू नये, धावण्याची शर्यत सक्तीची करू नये. एवढे चार शब्द मुख्याध्यापकांना लेखी दिले तर लेकराचे वर्ष सुधारते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजार समाविष्ट आहे. जिल्हा रुग्णालयातून तपासणी होऊन टक्केवारीप्रमाणे प्रमाणपत्र मिळते, एसटीच्या प्रवासातही रुग्णाला सवलत आहे. हे हक्क घ्यायचे तर आजार कागदावर आणावाच लागतो. लपवून सवलत मिळत नाही.

राहिला लग्नाचा प्रश्न, आणि खरे तर कागद पेटीच्या तळाशी जातो तो यासाठीच. ‘पोरीला कोण करील?’ या भीतीपोटी. भीती खोटी नाही. एएस म्हणताच सोयरीक मोडणारे लोक आहेत. पण हिशेब समजून घेतला तर मोडायचे कारण बहुतेक वेळा उरत नाही. एएस मुलगी आणि एए मुलगा असेल तर एकही मूल एसएस होणार नाही. एसएस मुलगा आणि एए मुलगी असेल तरी मुले एएस होतील, रुग्ण नाही. दोघेही एएस असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. ही शक्यता दर वेळी नव्याने येते. पहिले एसएस झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही. एक एएस आणि दुसरा एसएस असेल तर शक्यता निम्मी. आणखी एक बारकावा असा, की एकाला सिकल आणि दुसऱ्याला थॅलेसेमियाचा वाटा असेल तरी मूल आजारी निपजू शकते, आणि तो वाटा शिबिराच्या साध्या चाचणीत दिसत नाही. म्हणून लग्न ठरवताना दोघांचीही एचपीएलसी केलेली बरी.

आमचे म्हणणे असे आहे की बोलणे साक्षगंधाच्या आधी व्हावे, तेही मुलगा-मुलगी यांच्यात, चौकात बसून नव्हे. आपल्या वधू-वर मेळाव्यांतल्या बायोडाट्यांत अजूनही कोणी कोणी रास आणि गण लिहितात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात याचे काय काम, ते त्यांनाच ठाऊक. ती ओळ खोडून तिथे रक्ततपासणीची ओळ घातली तर जागा सत्कारणी लागेल. मामाच्या मुलीशी सोयरीक करताना तर आधी तपासणी हवीच, कारण आई एएस असेल तर तिचा भाऊही असू शकतो. बाबासाहेबांनी जातीबाहेरच्या विवाहाचा आग्रह जात मोडण्यासाठी धरला, रक्तदोष टाळण्यासाठी नव्हे, आणि सिकल इतर जातींतही असल्याने जातीबाहेर लग्न केले तरी तपासणी चुकत नाही. त्यांचा स्वतःचा दुसरा विवाह १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांचे दुखणे होते, आणि डॉक्टर असलेल्या वधूला ते लग्नाआधीच माहीत होते.

ज्यांची लग्ने होऊन गेली आहेत आणि दोघेही एएस निघाले, त्यांच्यासाठी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी होऊ शकते. त्यासाठी दिवस गेल्याचे लवकर सांगावे लागते. पुढे काय करायचे तो निर्णय त्या बाईचा आणि तिच्या नवऱ्याचा. सासूचा नाही, आमचाही नाही. तपासणी केली नाही तरी जन्मल्यावर बाळाचे रक्त तपासून घ्यावे. पहिल्या महिन्यांपासून औषध आणि लस मिळालेले एसएस लेकरू शाळेत जाते, शिकते, नोकरी करते.

आणि सुनेला ‘तुझ्या माहेरचा रोग’ म्हणणाऱ्यांना एकच विचारावे, एसएसमध्ये दोन एस आहेत, दुसरा कुठून आला? तो नवऱ्याच्याच घरचा असतो. नवरा तपासणीला येत नाही, बायको मात्र लेकरू काखेत घेऊन तीन-तीन ठिकाणी रक्त देत फिरते, असे आम्ही पाहतो. पुरुषांनी हे ऐकावे.

सांगावे म्हणजे गावभर करावे असे नाही. डॉक्टर, घरातली जबाबदार माणसे, शाळेतल्या बाई, ठरत असलेला जोडीदार, आणि रक्ताची भावंडे, कारण त्यांचीही तपासणी व्हायला हवी. या पलीकडे कोणाला सांगायचे ते ज्याचे दुखणे त्याने ठरवायचे. शेजारणीला, किराणा दुकानदाराला, भिशीतल्या बायकांना कळायलाच हवे असे काही नाही.

म्हणून शिबिर घेणाऱ्या मंडळांना आणि महिला संघांना विनंती. निकाल माइकवरून नावे घेऊन वाचू नका. यादी विहाराच्या भिंतीवर चिकटवू नका. लिफाफ्यात घाला, वर फक्त नाव लिहा आणि समजावून सांगणारे कोणी असेल तेव्हाच हातात द्या. एक खोली, दोन खुर्च्या आणि आतून लागणारी कडी एवढी सोय विहारात होते. पौर्णिमेच्या वंदनेनंतर तासभर तिथे आशाताई किंवा परिचारिका बसली, तर पेटीच्या तळातले बरेच कागद वर येतील.